योहान्नाच्या दाराचा रंग

धोंडिबा,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. चार ओळींत बसली. गाव, पलटण, हुद्दा, मागे कोण कोण. तीत एकही चूक नाही, आणि ती वाचून तुला कोणी ओळखले नसते. आमच्या धंद्यात अशा बातमीला चांगली बातमी म्हणतात. ती छापून आली त्या सकाळी मी अंक घडी करून बाजूला ठेवला. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. बसऱ्याचा गुत्ता आता कोणाकडे जाणार, हा होता.

वाचणाऱ्यांसाठी हे थोडे उलगडून लिहावे लागेल. तुला सगळे ठाऊक आहे. तरी तू ऐक. आजवर तू सांगत आलास आणि मी ऐकत आलो.

वेल्ह्याच्या बाजारात लोहाराच्या भात्यामागे चहाचे एक दुकान आहे. बाजाराच्या दिवशी तिथल्या दोन बाकांवर पलटणीतून परत आलेली माणसे बसतात. कोणी तोरण्याच्या अंगावरच्या वाडीतून करडू विकायला उतरलेला असतो, कोणी कानंदीच्या खोऱ्यातून नाचणी घेऊन आलेला, कोणी भोरकडून घाट ओलांडून. विक्री उरकली की ही माणसे इकडे वळतात, पायताणे बाकाखाली सारतात, आणि सर्वांत वडीलधारे म्हणून सुभेदार विचारतात, "आज कुनाच्या गुत्त्यात?"

वेल्ह्यात बसून हे विचारले जाते, पण गुत्ता असतो क्वेट्ट्याचा, बेळगावचा, कैरोचा. जिथे जिथे पलटणीने ज्याला ठेवले, तिथल्या छावणीजवळच्या दारूच्या दुकानाचा. प्रत्येकाचा एक. यांतल्या निम्म्या माणसांनी दारू कधीच सोडली आहे, उरलेल्यांना परवडत नाही. चहा पितात आणि गुत्ता सांगतात. त्याचे नियम पक्के आहेत. ज्याचा गुत्ता, त्याचा चहा. ज्याचा गुत्ता, तोच बोलणार, बाकीचे पाहुणे. पाहुण्याने हसावे, प्रश्न विचारावा, मालकाला खोटे पाडू नये. मालक म्हणेल ते खरे. एका गुत्त्याला मालक एकच. तो गेला की तिथे प्यालेला दुसरा कोणी बाकावर असेल तर गुत्ता त्याच्याकडे जातो. नसेल तर बंद होतो. पेशावरचा एक असाच बंद झाला. त्यात काय काय होते ते सगळ्यांना पाठ आहे, पण आता ते कोणी सांगत नाही.

या बाकांवरच्या माणसांना एकमेकांच्या शेतीचा, बैलांचा, कर्त्या मुलांचा हेवा वाटताना मी पाहिलेले नाही. गुत्त्याचा मात्र वाटतो. ढेब्यांचा खंडू परवाच्या लढाईतून आला आणि त्याने कैरोचा गुत्ता उघडला, तेव्हा सुभेदारांचा चहा बशीत तसाच निवला. खंडूच्या गुत्त्यात छताला विजेचे पंखे होते आणि एक भिंत अख्खी आरशाची होती.

"पंखे किती म्हनलास?" सुभेदार दर बाजाराला विचारत.

"मोजलं न्हाईत, सुभेदार."

"मोजलं न्हाईत! आन म्हनं कैरो. आमच्या क्वेट्ट्याला शेगडी एकच व्हती, पर बसल्या जाग्यावरनं सांगीन, तिचा कंचा पाय मोडलेला व्हता." मग जरा थांबून, "आन पंखा फिरला म्हून दारूला चव येती व्हय रं?"

आपला गुत्ता इराकातल्या बसऱ्याचा, पहिल्या महायुद्धातला. अशारच्या खाडीवरचा, योहान्ना नावाच्या किरिस्तावाचा. पुढचे दार गल्लीत, मागची बाजू खाडीवर उघडी, तिथे पाण्यात खांब रोवून केलेली फळ्यांची जागा. खजुराचा अरक तो काचेच्या लहान पेल्यांतून देई. पाणी घातले की अरक दुधासारखा पांढरा होई. पहिल्या दिवशी तू पेला नाकाशी नेलास आणि म्हणालास, "बापू, ही दारू न्हाई, ताक हाय." मग दुसरा पेला मागवलास.

तू आणि मी एका गावचे, एका दिवशी भरती झालेलो, एका कंपनीत. त्या फळ्यांवर जितक्या संध्याकाळी तू बसलास तितक्याच मी बसलो. पण पलटणीतून सुटल्यावर तू गावी परतलास आणि मी पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत लागलो. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे मिळेल ती बैलगाडी, नाहीतर पाय, असे करत मी पहिल्यांदा त्या बाजारी बाकापर्यंत पोहोचलो तेव्हा बसऱ्याचा गुत्ता तुझ्या नावाने कधीच चालू झालेला होता. तू उठलास. खांद्यावरच्या उपरण्याने बाकाची कड पुसलीस आणि म्हणालास, "या, पाव्हनं. लाजू नगा, बसा. समद्यांस्नी जागा हाय."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मी माझ्या गुत्त्यात पाहुणा होतो. तुझ्या चहाचा प्रत्येक कप मी पाहुणा म्हणून प्यालो. तुला हे कधी जाणवले की नाही, असा प्रश्न मला पडे. आता पडत नाही. ते पुढे येईल.

तू काय सांगायचास ते आधी लिहितो. शक्य तितके तुझ्या शब्दांत, कारण माझ्या शब्दांत ते चालत नाही, हे मी करून पाहिले आहे.

योहान्नाचे दुकान आपल्या लोकांना बंद होते. छावणीच्या हुकुमात तसे लिहिलेले होते. एका संध्याकाळी लाल टोपीचा गोरा लष्करी पोलीस गल्लीतून येताना दिसला. तू सांगायचास, "योहान्नानं खुंटीवरचा झगा काढला आन माझ्या टकुऱ्यातनं खाली सोडला. पार घोट्यापातुर. डोक्याला फडकं गुंडाळलं. झालो की मी आरब! बापू म्हनाल, तर ह्यो गडी मागनं पान्यात. फळ्यांखाली, नरड्यापातुर, खांबाला मिठी मारून." इथे तू माझ्याकडे बोट दाखवायचास आणि बाक हसायचा. "गोरा आला. बसला. बोटानं खुणावलं, दे. मी दिली. तर त्यो माझ्याकडं बघून आरबीत कायतरी इचारतो की! आता काय बोलावं? म्हनलं, व्हय सायेब, व्हय, बैल पान्यावर न्हेलाय!"

भाजीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बायका या वाक्याला थांबत. लोहार भाता सोडून येई. ज्यांनी हे कित्येकदा ऐकले ते सुभेदार मांडीवर थाप मारून हसत आणि खोकला लागेपर्यंत थांबत नसत. मी रोज लिहितो. माझे लिहिलेले वाचून कोणी मांडीवर थाप मारल्याचे मला माहीत नाही.

मग गोरा पेला संपवी, झग्याखालून दिसणारे तुझे पलटणीचे बूट निरखून पाही, "गुड बूट्स" म्हणे आणि निघून जाई. "आन ते हिरवं दार धाडकन लागलं." इथे तुझा गुत्ता संपे.

"निळं," मी म्हणायचो.

"हिरवं."

"दार निळं होतं, धोंडिबा. खालच्या अंगाला रंग उडालेला होता. निळं होतं."

"आरं हिरवं. कवळ्या भातावानी."

पाहुण्याने मालकाला खोटे पाडायचे नाही, हा नियम माझ्यापुरता त्या एका शब्दाला शिथिल होता, कारण योहान्नाकडे तुझ्याखेरीज बसलेला मीच होतो. सुभेदार म्हणत, "लागली दोघांची." खंडू नवा होता, तो माझ्या तोंडाकडे पाहत राही. मग तू पुढे वाकायचास, गुडघ्यांवर कोपरे ठेवायचास आणि नेहमी तेच विचारायचास.

"आजून काय चुकतंय का रं, बापू?"

आणि मी म्हणायचो, "नाही."

झगा माझ्या अंगात होता. हे आता इथे छापून येते आहे, म्हणून नीट क्रमाने सांगतो. गोरा गल्लीत दिसला तेव्हा योहान्नाने खुंटीवरून झगा काढला आणि तो तुझ्यापुढे धरला. तू जवळ होतास. झगा एकच होता. तू तो घेतलास आणि माझ्या डोक्यातून खाली ओढलास. मला पोहता येत नव्हते, हे त्या दुकानात तुला एकट्याला ठाऊक होते. मग तू मागे गेलास आणि आवाज न करता फळ्यांखाली उतरलास. थंडीचे दिवस होते. भरती होती. गोऱ्याने मला काहीतरी विचारले हे खरे. मी काही बोललो नाही. माझा हात हलत होता आणि अरक पेल्याबाहेर सांडत होता. त्याने बूट पाहिले, तो म्हणायचे ते म्हणाला आणि गेला. दाराचा आवाज झाल्यावर आम्ही तुला वर ओढले तेव्हा तुझे ओठ काळेनिळे पडले होते आणि योहान्नाची म्हातारी आई आपल्या शालीने तुझे डोके पुसत दोघांनाही शिव्या घालत होती. नंतर तू तापाने दवाखान्यात पडलास. मी भेटायला आलो तर विचारलेस, "काय इचारलं त्यानं तुला? काय बोललास?" मी म्हणालो, "काही नाही." तू कूस बदललीस. "कायतरी बोलायचं व्हतं, गड्या. येवढी संधी."

बैल पाण्यावर नेल्याचे वाक्य तू मग कधीतरी तयार केलेस. त्याचाही मला हेवा वाटत आला आहे. गोरा समोर बसलेला असताना ते मला सुचायला हवे होते.

इतकी वर्षे मी दाराच्या रंगापाशीच का थांबलो? झगा माझा, असे म्हटले असते तर तो तुझ्याच हाताने माझ्या अंगात आला, हेही सांगावे लागले असते. त्याहून खरे कारण साधे आहे. तू सांगत असताना तो गुत्ता इतका भरलेला असे की त्यात माझे खरे कुठे ठेवावे ते मला दिसत नसे. मग मी रंग धरून बसलो. रंगाबद्दल माझी खात्री होती.

तुझ्या तेराव्याला मी आलो. जेवणे उरकली होती. माणसे अंगणात पानसुपारी करत होती. सुभेदार रडत होते, खंडू त्यांना धरून होता. गाव तुझ्यासाठी रडत होते आणि मी कोण कोण रडते आहे ते पाहत होतो. माझ्या वेळी किती जण असतील, हा हिशेब तिथे उभ्या उभ्या मनात येऊन गेला. वहिनी गोठ्याच्या दाराशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर पुढे ओढला आणि शेजारचा पाट सरकवला.

"भावजी, एक इचारू? रागवनार न्हाई न्हवं?"

"विचारा की, वहिनी."

"तितं बाई व्हती का?"

मला कळले नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या खाडीवरल्या दुकानात. खरं सांगा. आता कुनाला लागायचं हाय? ह्येंच्या तोंडात सारखं त्येच. भात कापताना त्येच, जेवताना त्येच. म्या त्या दुकानाला सवतच म्हनायची."

"बाई होती," मी म्हणालो. "योहान्नाची आई. दात एकही नव्हता. आम्ही दुसरा पेला मागितला की काठी उगारायची."

"म्हातारी?" वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. "आन म्या येवढी वर्सं..." त्या हसू लागल्या. हसता हसता पदराचे टोक तोंडात धरले. तेराव्याच्या घरी हसू बाहेर जाऊ नये म्हणून धरले असावे. नंतर डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तुमी लई धीराचं, भावजी. झगा घालून गोऱ्याम्होरं हुबं ऱ्हायचं म्हंजी काय."

मी विचारले, "कोणी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? ह्येंनीच. घरी सांगायचं तवा झगा तुमच्याच अंगात असायचा. ह्ये आपलं पान्यात. आन ते बैल पान्यावर न्हेलाय, तेबी तुमीच म्हनायचा. लई हसायचं सांगताना. म्हनायचं, बापूसारखा बोलनारा गडी अख्ख्या पलटनीत न्हवता."

"बाजारात उलटं सांगायचा."

"ते तुमच्या तोंडावर. मुद्दाम." वहिनींनी मान हलवली. "म्हनायचं, एक दिस बापू उठंल बघ. माझी गचांडी धरंल आन म्हनंल, चोरा, झगा माझा हाय. मग येईल मजा. बाजारासनं आलं की म्या इचारायची, उठलं का आज भावजी? तर म्हनायचं, न्हाई. दाराचा रंग सांगितला आन बसला खाली."

गोठ्यात बैलाने खुंट्याला शिंग घासले. वहिनी उठून गेल्या.

धोंडिबा, तू मला बाजारोबाजारी आमंत्रण देत होतास आणि मी ते पाहुण्यासारखे नाकारत होतो. "आजून काय चुकतंय का" याचा अर्थ मला आता लागतो. आणि तो लागल्यावरही माझ्या मनात जे आहे त्याला मी दुसरे नाव देऊ शकत नाही. वहिनींचा मला हेवा वाटतो. माझा गुत्ता खऱ्या वाटणीने त्यांनी चुलीपाशी बसून ऐकला आणि मी ऐकला नाही. तुझ्या त्या बापूचा हेवा वाटतो. तो झग्यात ताठ उभा राहतो, त्याचा हात हलत नाही, गोऱ्याच्या तोंडावर तो बैल पाण्यावर नेतो. तुझा खरा दोस्त तो होता. त्याच्याशी तू दर बाजाराला भांडणार होतास. बाकावर येऊन बसायचा तो मी.

पुढच्या बाजाराला मी वेल्ह्याला गेलो. नसरापूरहून गाडी मिळाली नाही, चालत निघालो. रस्ताभर मनात मजकूर लावत होतो. आधी हुकूम, मग गल्ली, मग झगा कोणी घेतला, कोणाला घातला, कोण पाण्यात उतरले आणि का. तोरणा समोर आला तेव्हा सगळे जागच्या जागी बसले होते. त्यात एकही शब्द कमी-जास्त नव्हता.

बाकावर तुझी जागा मोकळी होती. लोहाराच्या भिंतीकडची, पाठ टेकता येते ती. सुभेदारांनी तिच्यावर हात आपटला.

"हितं बसा, बापूराव. बसऱ्याचा गुत्ता आता तुमचा. तितं बसलेलं दुसरं कुनी ऱ्हायलं न्हाई."

मी बसलो. भिंत भात्याच्या उबेने कोमट होती. तू हिवाळाभर तिला पाठ का लावून बसायचास ते कळले. सगळ्यांसाठी चहा मी सांगितला. पहिल्यांदाच. दुकानदाराने खात्री करून घ्यायला सुभेदारांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली.

"तर मग," सुभेदार म्हणाले, "आज कुनाच्या गुत्त्यात?"

मी सुरुवात केली. खाडी सांगितली, खांब सांगितले, अरक पांढरा होतो ते सांगितले. लोक ऐकत होते, जसे चांगल्या माणसाचे ऐकतात तसे. हसले कोणी नाही. गोरा गल्लीत दिसला, योहान्नाने खुंटीवरून झगा काढला. इथे मी थांबलो. बोलायची मुभा होती. मालक म्हणेल ते खरे. झगा घ्यायला बसल्या जागेवरून हात पुढे करायचा अवकाश होता. पण माझी तक्रार तुझ्याविरुद्ध होती. ती ऐकून उडी मारणारा, खोटं म्हणून ओरडणारा, शेवटी माझ्या पाठीत गुद्दा घालणारा माणूस बाकावर नव्हता. तुझ्या माघारी घेतलेल्या झग्याचे मी काय करणार होतो?

"झगा धोंडिबाच्या अंगात घातला," मी म्हणालो. "मी मागून पाण्यात."

वर्तमानपत्राच्या कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर जाणूनबुजून खोटे असे हे माझे पहिले वाक्य. ते अडखळले नाही. बैल पाण्यावर नेलाय इथे खंडू माझ्या आधीच बोलला, थेट तुझ्या सुरात, मान तशीच एका बाजूला टाकून, आणि सगळे हसले. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. ती थाप तुझी होती. मी बुटांपाशी आलो. गोरा उठला.

"आणि ते निळं दार धाडकन लागलं."

मी थांबलो. सवयीने थांबलो. दर वेळी इथे जेवढा वेळ लागे तेवढा वेळ थांबलो, कान एका बाजूला देऊन. सुभेदारांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि बशी बाकावर पालथी ठेवली.

"निळं का? बरं, निळं," ते म्हणाले. "मालकाचं खरं."

खंडूने मान डोलावली. लोहार आत गेला, भाता पुन्हा चालू झाला.

धोंडिबा, एकानेही हिरवं म्हटलं नाही.